घरातला दहा नंबर

"लाईट सारे लागून हायेत वं संपदाताई. हिरवे हायेत, झुकझुक बी करून राह्यले. पन आंदर काईच येत नाई ना! सकायपासून त्याच्या तोंडाकडे पाहत बसली मी. नुसत्या लाईटाले का चाटू?"

तिकडे तेजपूरला कढईत फोडणी चरचरली. मग संपदाचा आवाज आला.

"हे बघ सुनेत्रा, मी दिलं तवा चालू हुतं. तुझ्या डोळ्यांदेखत लाईट लावून दावलं हुतं का न्हाई? हँडिंग-टेकिंग झालं, तू 'ठीक हाय' म्हणालीस. आता मला बोल लावायचा न्हाई."

"बोल कायले लावू? काई खटका-बिटका दाबा लागते का, येवढंच विचारतो मी."

"'विचारतो मी'! बाई हायस का बाप्या गं तू? आमच्या ह्यांनी एकच सांगून ठेवलंय, त्याच्या सेटिंगला हात लावायचा न्हाई. चालत्या वस्तूला कोण हात लावतंय का? ठेव आता, माझी भाजी करपाय लागली."

फोन बंद झाला. सुनेत्रानं मोबाईल ओट्यावर आदळला, पुन्हा उचलला, फुटला तर नाही ना ते पाहिलं, पदरानं पुसला आणि बाहेरच्या खोलीत आली. टेबलावर राउटर होता. राखाडी, चपटा, साबणाच्या डबीपेक्षा थोडा मोठा. चारही हिरवे दिवे डोळे मिचकावत होते.

"मिचकाव, मेल्या, मिचकाव," ती म्हणाली आणि झाडू घेऊन सकाळी झाडलेली खोली पुन्हा झाडायला लागली.

हा तिचा जुना स्वभाव. जीव ठिकाणावर नसला की तिचे हात काम शोधत फिरतात. दारव्ह्याकडची ही बाई. बी.एस्सी. झाली आणि त्याच उन्हाळ्यात फौजेतल्या विश्वास वानखडेच्या मागं निघाली. झाशी पाहिली, जोधपूर पाहिलं, आता चंडीगड. हिंदी शिकली, पंजाबी कानावरून शिकली, पण तोंडातली वऱ्हाडी काही सुटली नाही, आणि ती सुटावी असं तिला कधी वाटलंही नाही. लेक अपूर्वा पोटात असताना दवाखान्यातल्या मेजर डॉक्टरीणबाईनं "नॉर्मल मराठीत सांगा ना" असं म्हटलं, तर हिनं तिथल्या तिथं ऐकवलं, "थे तुमचं नॉर्मल असन, हे माह्यं हाये."

आता विश्वासला वर लेहकडं पाठवलं होतं. तिथं बायकापोरांना नेता येत नाही. गावाकडून सासऱ्याचा धोशा सुरू झाला. मामाजींचं म्हणणं एकच होतं: नवरा बर्फात, मग सून परक्या मुलखात एकटी कायले? घर हाये, वावर हाये, शाया हाये. ये वापस. विश्वास दोघांच्या मधे सापडला. शेवटी जाताना तो बायकोला म्हणाला, "तुले थे घरबसल्याचं काम भेटलं तं राय चंडीगडले. नाई भेटलं तं मी बाबाले नाई म्हनू शकत नाई."

ते काम होतं ट्रान्सक्रिप्शनचं. अमेरिकेतला डॉक्टर पेशंट तपासून झाला की मशीनमध्ये बोलतो. ते बोलणं तारेवरून इकडं येतं, आणि इकडच्या बायका कानाला हेडफोन लावून ते टाईप करतात. सुनेत्रानं सेक्टर चौतीसमध्ये त्याचा कोर्स केला होता. पायाखालचा पेडल दाबला की डॉक्टर बोलतो, सोडला की गप्प बसतो, मागं दाबला की तेच पुन्हा म्हणतो. हे तिला फार आवडलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा एखादा पुरुष तिच्या पायाच्या इशाऱ्यावर बोलत होता.

आयटी पार्कातल्या एका कंपनीनं तिची चाचणी घेतली. चाचणीची फाईल सीडीवर दिली. टाईप करून ती घरच्या लाईनवरून परत पाठवायची, म्हणजे काम येतं आणि लाईनही चालते, दोन्ही कळतं. सायबर कॅफेतून पाठवलेलं चालत नाही. पेशंटचे कागद, कुणाच्या नजरेला पडायला नकोत. फाईल टाईप होऊन पडली होती. जात नव्हती. कंपनीतल्या मिसेस आहुजांनी एकदा मुदत वाढवली, दुसऱ्यांदा वाढवली, आणि काल म्हणाल्या, "सुनेत्रा जी, कल पाँच बजे तक. उसके बाद मेरे हाथ में नहीं है."

आज तो कल होता. आणि संध्याकाळी मामाजींचा फोन येणार होता. गाडीचं रिझर्व्हेशन कराचं का नाई, ते विचारायला.

झाडू कोपऱ्यात टाकून ती खिडकीशी आली. मार्चातली पानगळ सुरू होती. मनीमाजऱ्याच्या गल्लीत पिवळी पानं गोळा होऊन पडली होती, आणि गच्च्यांच्या पलीकडं आयटी पार्कच्या काचा चमकत होत्या. एवढ्या जवळ की हाक मारली तर ऐकू जाईल. आणि ह्या टेबलावरून तिथवर एक कागद पोचत नव्हता.

काल टेलिफोनचा लाईनमन गुरमेल येऊन गेला होता. त्यानं आपलं यंत्र तारेला लावलं, कंप्युटरवर राउटरचं पान उघडलं, दिव्यांचा हिशेब पाहिला आणि उठला. "लाइन तुहाडी चकाचक है जी. खराबी कंप्यूटर विच है." जाताना पान उघडायचं कसं ते दाखवून गेला, आणि वर तोही म्हणाला, "बाकी छेड़ना नहीं." मग कंपनीतल्या तंत्रज्ञाला फोन केला. त्यानं तिच्याकडून एका काळ्या खिडकीत नुसते आकडे टाईप करून घेतले. उत्तरं फटाफट आली. "देखिए मॅडम, नंबर से तो पहुँच रहे हैं. नाम डालो तो नहीं खुलता ना? तो लाइन वालों को पकड़िए." लाईनवाला म्हणे कंप्युटर, कंप्युटरवाला म्हणे लाईन. गावच्या पाटलानं तहसीलदाराकडं धाडावं आणि तहसीलदारानं पाटलाकडं, तसं तिचं झालं होतं.

आणि आता संपदा म्हणत होती, हात लावू नको.

हँडिंग-टेकिंगची ही गोष्ट बाहेरच्याला सांगून पटत नाही. फौजेत ठाणं सोडणारा माणूस येणाऱ्याच्या ताब्यात सगळं चालू हालतीत देतो. बंदूक असो, गाडी असो, चहाचं पातेलं असो. दाखवायचं, पाहायचं, ठीक म्हणायचं. मग त्या वस्तूची कटकट देणाऱ्याच्या डोक्यावरून उतरली. बायकांनीही तेच उचललेलं. संपदा कदम सांगलीकडची, तिचा नवरा अविनाश सिग्नल्समधला सुभेदार. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात ओळख झाली, आणि कदमांची बदली आसामात तेजपूरला निघाली तेव्हा ह्या दोन खोल्या तिनं सुनेत्राला मिळवून दिल्या. बरोबर कूलर दिला, पडद्याचे दांडे दिले, कढीपत्त्याची कुंडी दिली. सामानाचा ट्रक खाली उभा असताना घरभर फिरून एकेक दाखवलं. नळ, चालू. गीझर, चालू. राउटर, हे बघ लाईट, चालू. सुनेत्रा म्हणाली, ठीक हाये. दिवे पेटले म्हणजे झालं, असं दोघींनाही वाटलं. गीझरचं तसंच असतं.

ती कंप्युटरसमोर बसली. "पाह्यलं म्हनजे हात लावला असं होत नाई," स्वतःलाच म्हणाली आणि गुरमेलनं दाखवलेलं पान उघडलं.

पानावर खाने होते आणि खान्यांत आकडे. कालही दिसले होते, पण काल ती गुरमेलच्या तोंडाकडं पाहत होती. आज एकेक वाचत गेली. सगळे आकडे सुरुवातीला सारखेच, लांबलचक, एका घरच्या लोकांचं आडनाव असावं तसे. फक्त शेवटचा वेगळा. राउटरचा शेवट एक. तिच्या कंप्युटरचा पाच, तो काल तंत्रज्ञानं वाचायला लावला होता. त्याखाली एक खाना होता, नावांची चौकशी कुणाकडं करायची त्याचा. तिथं शेवटी होतं दहा.

दहा?

ती मागं सरकली. आडनाव घरचंच. म्हणजे माणूस घरातला. घरात एक राउटर, एक कंप्युटर. मग हा दहा नंबर कोण?

तिच्या डोक्यात सरळ चोर शिरला. टेलिफोनची तार खालच्या मजल्यावरून, घरमालकीण बीजींच्या खिडकीला वळसा घालून वर आलेली. तिथंच कुणी जोड मारली असली तर? आपल्या लाईनवर दुसराच बसून मजा मारतोय आणि आपण इकडं झाडू मारतोय! ती उठली, चपला न घालताच जिना उतरली. उतरता उतरता तारेवर हात फिरवत गेली, कुठं गाठ लागते का पाहायला. गाठ नव्हती. एके ठिकाणी चिमणीनं शिटलेलं होतं तेवढं हाताला लागलं.

बीजी अंगणात खाटेवर उन्हाला बसून मटार सोलत होत्या.

"बीजी, आपके यहाँ कंप्यूटर है क्या?" सुनेत्रानं हात भिंतीला पुसत विचारलं.

"कंप्यूटर?" बीजींनी चष्म्यावरून पाहिलं. "पुत्तर, मैथों तां टीवी दा रिमोट नहीं चलदा. बह जा, मटर छिल."

"नहीं बीजी, मेरी तार में कोई घुसा है."

"चूहा होऊ," बीजी शांतपणे म्हणाल्या. "सर्दियाँ विच वी आया सी."

हसावं का रडावं ते तिला कळेना. ती खाली बसली आणि मटार सोलायला लागली, कारण हातांना काही तरी हवंच होतं. एवढ्यात फाटकातून कुरिअरवाला आत आला. घामाघूम झालेला, कावलेला.

"माताजी, ऊपर वाले सूबेदार अविनाश कदम कहाँ हैं? कब से खड़ा हूँ. फाटक पर ऊपर की घंटी पे घंटी मार रहा हूँ, कोई जवाब ही नहीं देता."

"जवाब कित्थों आवे?" बीजी म्हणाल्या. "जिहनूं आवाजाँ मारदा पया एं, ओह तां आसाम बैठा."

ज्याला हाका मारतोय तो आसामात बसलाय म्हटल्यावर कुरिअरवाला पाकीट घेऊन परत फिरला. सुनेत्राच्या हातातली शेंग तशीच राहिली. दाणे अर्धे आत, अर्धे बाहेर.

"माय वं," ती म्हणाली. आणि मटाराची परात बीजींच्या मांडीवर ठेवून जिना चढली, दोन दोन पायऱ्या घेत.

तेजपूरचा फोन लागायला वेळ लागला. मोबाईलच्या ह्या सर्कलमधून त्या सर्कलमध्ये, मधेच रेकॉर्डवरची बाई म्हणे सारे मार्ग व्यस्त आहेत. सुनेत्रा टेबल ते ओटा, ओटा ते टेबल करत राहिली. घड्याळाकडं पाहायचं नाही असं ठरवून पुन्हा पुन्हा पाहत होती. लागला एकदाचा.

"आता काय झालं गं?"

"ताई, तुमचा कंप्युटर कुठी हाये?"

"काय?"

"तुमच्या घरचा, मोठा. अथी टेबलाखाली राहे थो. आता कुठी हाये?"

"काळ्या ट्रंकंत हाय. अजून उघडलीच न्हाई ट्रंक. का, तुला पायजे का त्यो बी?" संपदानं टोमणा मारला.

"अथी असताना थो रातदिवस चालू राहे ना?"

"आगं विचारू नगंस! दिवसरात्र घूंऽऽ घूंऽऽ. बंद केला की पोरं बोंबलायची, नेट गेलं, नेट गेलं. मी ह्यांना म्हटलं, ह्यो कंप्युटर हाय का गिरणी..." संपदा बोलता बोलता थांबली. "हे जेवायला आलेत. थांब, त्यांनाच देते."

अविनाश कदम फोनवर आला. घासाचा आवाज आला, मग घसा खाकरल्याचा.

"बोला वहिनी."

सुनेत्रानं दहा नंबरचं सांगितलं. पलीकडं घास गिळल्याचं ऐकू आलं.

"अरेच्चा," अविनाश म्हणाला.

"काय अरेच्चा?" मागून संपदा.

"त्याचं काय आहे वहिनी, पोरं नेटवर काय काय उघडायची. म्हणून मी असं केलं, की कुठलंही नाव टाकलं की राउटरनं आधी आमच्या मशीनला विचारायला लावायचं. मशीन पाहणार, नाव चांगलं असलं तर त्याचा नंबर देणार, वाईट असलं तर नाही. दहा नंबर आमचं मशीन. ते आता..."

"ट्रंकेत हाये," सुनेत्रा म्हणाली.

"हो. तुमचा कंप्युटर अजून त्यालाच विचारत बसलाय. नंबर टाकला तर कुणाला विचारायची गरजच नाही, म्हणून तसं चालतं."

मागं संपदाचा आवाज चढला. "म्हंजे तुम्ही डबा अर्धा काढून आणला आणि मला म्हणालासा हात लावू नगं? आणि मी त्या पोरीला फाडफाड बोलले! मेले मी शरमेनं!"

"भाऊजी, पाच वाजता फाईल धाडाची हाये मले. भांडन मंग करा. आता काय करू थे सांगा."

अविनाशचा आवाज एकदम कवायतीवर आला. त्या खान्यातला दहा खोडा. त्याच्यावर गोल चिन्ह असेल, 'आपोआप मिळवा' अशा अर्थाचं, त्याच्यावर टिक करा. टेलिफोनवाले आपला चौकशीचा नंबर स्वतःच देतात. मग खाली सेव्ह. दिवे सगळे जातील, घाबरायचं नाही. मग सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे—

आणि फोन तुटला. मोबाईलचा बॅलन्स संपला होता, आणि तेजपूरहून उलटा फोन लागेपर्यंत पाच वाजून गेले असते.

सगळ्यात महत्त्वाचं काय, ते आसामातच राहिलं.

ती खुर्चीत बसली. कंप्युटरचा उंदीर दहाच्या खान्यावर नेला. बोट दाबायला तयार होईना, आणि त्याचा तिला राग आला. कोरड्या विहिरीत उतरून बादली काढली होती हिनं लग्नाआधी, गाव पाहत होतं, तेव्हा अडली नव्हती. आता एक आकडा खोडायला काय झालं? पण तेव्हा कुणी 'हात लावू नको' म्हटलं नव्हतं. इथं तीन जणांनी म्हटलं होतं. हे बिघडलं तर लाईनच जाईल, गुरमेल पुन्हा कधी उगवेल कोण जाणे, आणि मामाजी संध्याकाळी विचारतील आणि आपल्याला म्हणावं लागेल, करा रिझर्व्हेशन.

"न लावता बी तं तेच म्हना लागन," ती मोठ्यानं म्हणाली. दहा खोडला. टिक केली. सेव्ह दाबलं.

चारही दिवे गेले.

डबा मेल्यासारखा पडला. मग एक लाल दिवा लागला आणि लागूनच राहिला. सुनेत्रा उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. ओट्यावर जाऊन पाणी प्यायली. लाल दिव्याकडं पाठ करून कढीपत्त्याची वाळकी पानं तोडायला लागली, त्यात चांगलीही तोडली गेली. वळून पाहिलं तर हिरवे. चारही.

कंपनीचं नाव टाईप केलं. पान उघडलं नाही.

पुन्हा टाकलं. नाही. पुन्हा. तेच पांढरं पान, तोच इंग्रजीतला नकार.

"आता काय राह्यलं रे तुह्यं, भोसड..." शिवी जिभेवर आली ती तिनं अर्ध्यावर गिळली, कारण दार वाजलं आणि अपूर्वा शाळेतून आत आली. दप्तर टाकलं, आईकडं पाहिलं, राउटरकडं पाहिलं.

"मम्मा, नेट चला?"

"नाई चाललं."

"यार मम्मा, टीचर बोलती है, कुछ न चले तो बंद करके चालू करो."

"केला ना बंद. आत्ताच झाला थो बंद-चालू."

"वो डब्बा. ये तो नहीं किया ना," अपूर्वा कंप्युटरकडं बोट दाखवून म्हणाली आणि मोजे काढत आत गेली. तिला भूक लागली होती, बाकी काही पडलेलं नव्हतं.

सुनेत्रानं कंप्युटरकडं पाहिलं. सकाळपासून चालूच होता. राउटरला नवीन कळलं होतं; ह्याला कुणी सांगितलंच नव्हतं. हा अजून दहालाच विचारत बसला होता, बंद दाराची घंटी दाबत. ते सगळ्यात महत्त्वाचं हेच असणार.

बंद केला. चालू केला. जुना, दुसऱ्याकडून घेतलेला कंप्युटर तो, उठताना म्हाताऱ्या बैलासारखे आवाज करत उठला. तेवढ्यात तिनं पोरीला पोळीवर साखर-तूप घालून गुंडाळी दिली, आणि उभ्या उभ्याच कंपनीचं नाव टाकलं.

पान उघडलं. निळं, वर कंपनीचं बोधचिन्ह, खाली लॉगिनचा खाना. सुनेत्रा खुर्चीत बसली ती अर्धवट कडेवरच. फाईल जोडली. निळी पट्टी गोगलगायीसारखी सरकायला लागली. मधे थांबली, पुन्हा हलली. मग पट्टी भरली. गेली.

पाच व्हायला थोडा वेळ होता. तिनं घड्याळ पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

मिसेस आहुजांचा फोन आला तो घाईचा. "मिल गई आपकी फाइल. दो जगह दवाई का नाम ब्लँक छोड़ा है आपने, आगे से ऐसे नहीं चलेगा. नई फाइलें डाल दी हैं, कार्डिओलॉजी की हैं. सुबह तक चाहिए. और सुनेत्रा जी, लाइन पक्की है ना अब?"

"पक्की है जी," सुनेत्रा म्हणाली.

तेवढंच बोलणं. ना शाब्बास, ना अभिनंदन. तिला त्याचं काही वाटलं नाही. काम आलं होतं. तिनं पेडल पायाखाली ओढला, हेडफोनची गुंतलेली वायर सोडवली. मन अजून टेबल ते ओटा फिरत होतं. लाईन पुन्हा जाईल का? वीज गेल्यावर डबा हे विसरेल का? ती खुर्चीत पाय हलवत बसली, त्या दिव्यांकडं संशयानं पाहत.

फोन वाजला. गावचा नंबर.

"सूनबाई, मंग? करू का रिझर्व्हेशन? उद्या दिगरसले जाऊन राह्यलो मी."

"नोका करू मामाजी. काम लागलं."

पलीकडं मामाजींनी पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात घेतला.

"लागलं म्हनजे? लिहून देल्लं का त्याईनं?"

"काम देल्लं. सकायपर्यंत द्याचं हाये. मी लागतो आता, रात्री बोलू."

"बरं," मामाजी म्हणाले. मग, "पोरीले जेवाले घालजो वक्तावर."

"घातलं."

तिनं फोन ठेवला आणि हेडफोन कानाला चढवला. पेडल दाबला. अमेरिकेतला डॉक्टर गालात सुपारी धरल्यासारखा बोलायला लागला: त्रेसष्ट वर्षांचा माणूस, छातीत कळ, डाव्या खांद्याकडं जाणारी. औषधाचं नाव आलं आणि त्यानं ते नेमकं चावलं. सुनेत्रानं पाय उचलला. डॉक्टर गप्प झाला.

"पुन्हा म्हन," ती म्हणाली आणि पेडल मागं दाबला.